गवतात पालथ्या पडणाऱ्या बाई

बाईंनी मला खोली दिली ती माझ्या चपला तपासून.

अमरावतीहून नोकरीसाठी मी पुण्याला आले तेव्हाची गोष्ट. कंपनी हडपसरला, आणि राहायला कुणी जागा देईना. एकटी मुलगी म्हटलं की लोक आधी आईवडिलांना घेऊन या म्हणायचे, आणि घेऊन गेलं की जागा कालच गेली म्हणायचे. शेवटी मैत्रिणीच्या मावशीने नारायण पेठेतला एक पत्ता दिला. "कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, एकट्याच राहतात. जरा वेगळ्या आहेत, पण चावत नाहीत," असं मावशी म्हणाली.

बाईंनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता थेट पायांकडे बघितलं.

"चपला काढा. आत आणा."

मला वाटलं, जिन्यात चोऱ्या होत असतील. मी चपला हातात घेऊन आत गेले. बाईंनी त्या काढून घेतल्या, खिडकीशी नेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि तळाच्या खाचांमधली माती टाचणीने टोकरून एका वाटीत पाडायला लागल्या. मी आपली उभी. ना नाव विचारलं, ना पाणी.

"काळी माती आहे. कुठल्या आपण?"

"अमरावतीची."

"आणि ही लाल?"

"कालपासून जागा शोधत फिरून राहिली मी सगळीकडे."

"फिरत होतात की राहत होतात, एक काय ते सांगा," बाई म्हणाल्या. मग वाटीत चमचाभर पाणी घालून ती खिडकीत ठेवली. "खोली बघून घ्या. पंखा वाजतो, सवय होईल. स्वयंपाकघरातल्या बरण्या विचारल्याशिवाय उघडू नका. साखर असं लिहिलंय त्यात साखर असेलच असं नाही."

झालं, मी राहायला आले. पुढच्या आठवड्यात एका सकाळी बाईंनी मला खिडकीपाशी बोलावलं. वाटीतल्या चिखलातून नाजूक हिरवी पानं वर आली होती.

"अहो अमरावती, आपल्याबरोबर कोण आलंय बघा."

"कोण?"

"गाजरगवत. आपण राहा. याला मी ठेवणार नाही."

आणि त्यांनी ते चिमटीत धरून उपटलं. त्या दिवसापासून मी त्या घरात अमरावती झाले. माझं खरं नाव बाईंना माहीत होतं की नाही, मला अजून शंका आहे. त्यांचंही नाव मी फक्त विजेच्या बिलावर पाहिलं. सगळी पेठ त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

दिसायला बाई म्हणजे वाळलेली शेंग. सुती साडी, खाली पुरुषांचे खेळायचे बूट आणि उजव्या मनगटात पितळेचं एक ढगळ कडं. बोलणं सगळ्यांशी अहो-जाहो. दूधवाला, रिक्षावाला, मी, पाचव्या मजल्यावरचं शेंबडं पोर, सगळे 'आपण'. पण या शिस्तीला एक विचित्र फाटा होता आणि तो कळेपर्यंत माझी पुरती फजिती झाली.

बाई सकाळी गॅलरीतून आत येताना म्हणायच्या, "त्या अजून उठल्या नाहीत." कधी म्हणायच्या, "त्यांना सध्या पाणी चालत नाही." कधी मला दटावायच्या, "गॅलरीत मोठ्याने फोनवर बोलू नका, त्या झोपल्यात." मी समजले, गॅलरीला लागून एक बंद खोली आहे, तिथे बाईंची कुणी आजारी वडीलधारी असणार. पुण्यातले लोक घरचं फारसं सांगत नाहीत, आपण कशाला विचारा. पण मन राहीना. एका रविवारी बाई बाहेर गेल्या होत्या. मी दुधात हळद घालून, गरम करून, कप घेऊन गेले आणि त्या खोलीचं दार हळूच वाजवलं. आत झाडू, पत्र्याचे डबे आणि एक शिडी. माणूस कुणी नाही. मी कप घेऊन गॅलरीत उभी असतानाच मागून बाई आल्या.

"हे कुणासाठी?"

"त्यांच्यासाठी. त्या झोपल्यात ना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या एका कुंडीकडे बोट केलं. कुंडीत नुसती कोरडी माती होती. "सफेद मुसळी. टेकडीवर रस्ता करताना उखडल्या होत्या, म्हणून आणल्या. जूनपर्यंत जमिनीखाली झोपून असतात. दूध आपण पिऊन टाका."

तर असं होतं. इथल्या मातीतल्या झाडाझुडपांना बाई अहो-जाहो करायच्या. आणि बाहेरून येऊन टेकड्याच्या टेकड्या गिळणाऱ्यांना अरे-तुरे. घाणेरीला 'मेली', गिरिपुष्पाला 'तो लांबडा', आणि हल्ली पुण्याच्या टेकड्यांवर जो पिवळा कॉसमॉस माजलाय त्याला तर नावच नाही, नुसतं 'ते ध्यान'.

हे ऐकून मला एकदा लागलं. मीही बाहेरचीच. ऑफिसात, बसमध्ये, दुकानात माझं 'करून राहिले' ऐकून लोक हसायचे. मी तोंड पाडून विचारलं, "बाई, बाहेरून आलेल्यांचा तुम्हाला एवढा राग का?"

बाई भाजी निवडत होत्या. ताटातली मिरची उचलून त्यांनी मला दाखवली. "या बाहेरच्या. बटाटे बाहेरचे. टोमॅटो, पेरू बाहेरचे. चिंचासुद्धा आफ्रिकेतून आल्या म्हणतात. मी त्यांना कधी अरे म्हटलं? येऊन राहावं, चार जणांत मिसळावं, कोण नाही म्हणतंय. आल्या आल्या बाकीच्यांचं ऊन-पाणी बंद करतो, त्याच्याशी माझं भांडण." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आपण मिरचीत मोडता."

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे पहिलं शास्त्रीय वर्गीकरण.

बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. ओळखीच्या माणसांना त्यांच्याबद्दल सांगायला लागलं की लोक आधी हसतात, आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे डोकं ठीक होतं ना?" ठीक म्हणजे किती ठीक, हे मला सांगता येत नाही. मनगटातलं ते पितळेचं कडं बाई कुठेही भिरकावून द्यायच्या. लग्नाच्या लॉनवर, देवळामागच्या मोकळ्या जागेत, बँकेच्या आवारात. जिथे पडेल तिथे गुडघ्यावर बसून कड्याच्या आत कोण कोण उगवलंय ते बघायच्या. त्यांचं म्हणणं, जागेची खरी ओळख अशीच होते. आपण बघायला गेलो की आपल्याला आवडणारं फूल तेवढं बघतो, कडं कुणाचीच बाजू घेत नाही. एका लग्नात हे कडं नवरदेवाच्या मामांच्या पायावर बसलं. बाईंनी मामांना जागचं हलू दिलं नाही. मामा एका पायावर उभे, आणि बाई त्यांच्या बुटाभोवतीच्या लॉनकडे बघून म्हणताहेत, "एकच जात. गरीब आहे बिचारं."

चपलांवरून, कपड्यांवरून माणूस कुठे जाऊन आलाय हे त्यांना कळायचं. बियांना चिकटायची सवय असते आणि बाईंना त्या सोडवायची. त्यातच मी सापडले.

थंडीचे दिवस होते. मी घरी आले, पर्स ठेवली, म्हटलं, "आज ऑफिसात फार काम होतं." बाईंनी मला पाठमोरी वळवली आणि माझ्या कुर्त्यातून काहीतरी उपटायला लागल्या.

"कुसळी गवत," त्या म्हणाल्या. "ऑफिसात उगवतं का हल्ली?"

मी ओढणी झटकायला लागले.

"पायाला कमी आहेत, मागच्या बाजूला जास्त. म्हणजे चाललात थोडं, बसलात बराच वेळ. आणि डावा खांदा स्वच्छ आहे. म्हणजे त्या बाजूला कुणीतरी होतं."

तो निखिल होता. आमच्याच कंपनीतला, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. आम्ही टेकडीवर गेलो होतो आणि हे घरी कुणाला, अगदी मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. बाईंनी सगळी कुसळं एका कागदावर गोळा केली, पुडी बांधली आणि म्हणाल्या, "त्या गृहस्थांना रविवारी बोलवा. बसायला येत असेल तर वाकायलाही येत असेल."

निखिल इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मिठाईचा पुडा घेऊन आला. बाईंनी पुडा ठेवून घेतला आणि आम्हा दोघांना टेकडीवर कॉसमॉस उपटायला नेलं. ऑक्टोबरात, बी धरायच्या आत उपटायला हवा होता, त्या म्हणाल्या, पण जे उरलंय ते तरी. त्या केशरी-पिवळ्या पट्ट्यातच एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग चालू होतं. मुलीचा घेरदार झगा, मुलगा बंडीत, फोटोग्राफर जमिनीवर आडवा. बाई एका टोकाकडून उपटत निघाल्या. त्या पुढे सरकतील तशी त्या दोघांच्या मागची बाग कमी होत गेली.

"काकू, फ्रेममधून बाजूला व्हा ना," फोटोग्राफर म्हणाला.

"मी फ्रेममध्ये नाही. फ्रेम माझ्या कामात आली आहे."

"अहो काकू, ही फुलं जातायत सगळी."

"जायलाच हवीत. यांच्याखाली काय होतं ते कुणी बघितलंय का इथे?"

त्यांनी कॉसमॉसचा एक झुबका बाजूला केला. खाली वाळलेल्या बारीक पानांचा एक चोथा होता, त्यात कवला नावाची एकच रानवनस्पती जिवंत होती, इवलंसं पिवळं फूल अजून धरून. "या इथल्या," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात ही अख्खी टेकडी यांची असायची." झग्यातली मुलगी खाली वाकून बघत राहिली. मग तिने होणाऱ्या नवऱ्याला म्हटलं, "उपट ना रे थोडं." नवरा कुर्त्याच्या बाह्या सारून उपटायला लागला. फोटोग्राफरने डोक्याला हात लावला आणि नंतर त्याचेच फोटो काढले. निखिलच्या शर्टाचं पोतेरं झालं. घरी परतल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुळासकट उपटतात. चालतील."

पण मुख्य गोष्ट सांगायची ती वृक्षारोपणाची.

आमच्या कंपनीने झाडं लावायचा मोठा कार्यक्रम ठरवला आणि त्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. माझा मॅनेजर रोहन मला म्हणाला होता, "हे नीट एक्झिक्यूट कर, मग तुझ्या प्रमोशनचं मी बघतो." मी उड्या मारत घरी आले. बाई पोहे खात होत्या.

"बाई, तुमच्या आवडीचं काम आहे. धायरीच्या पुढच्या टेकडीवर आम्ही झाडं लावतोय. उघडीबोडकी टेकडी आहे, हिरवीगार करून टाकणार."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "गवताचा रंग कुठला असतो हो?"

"बाई, गवत काय, ते तर..."

"ते तर काय?"

बाई आवाज न चढवता सांगत गेल्या. त्या टेकडीवर फक्त गवत दिसतं, कारण आपण उभे राहून बघतो. त्या गवतात उन्हावर जगणाऱ्या इवल्या इवल्या वनस्पती आहेत. वर्षातले आठ महिने कंद होऊन जमिनीत झोपतात, पाऊस आला की उठतात. त्यांच्यातच कंदीलपुष्पं आहेत, इथल्या काही टेकड्या सोडल्या तर जगात कुठेही नसलेली. वर झाडाची सावली आली की त्या संपल्या. आणि सावली लांबच, खड्डे घेतानाच कंद तुटतात. "आधीच पावसाने त्यांचं वेळापत्रक बिघडवलंय. मे महिन्यात अवकाळी पडतो, या बिचाऱ्या उठून बसतात, आणि मग महिनाभर ऊन. इथल्या कुंडीतल्यांना मी आत आणून म्हणू शकते, अजून वेळ आहे, झोपा. तिथल्यांना कोण सांगणार? आणि त्यात आता आपण येणार, कुदळ घेऊन."

"पण बाई, सगळं ठरलंय. रोपांचा ट्रक सांगितलाय. आता मी नाही म्हटलं तर नोकरी जाईल माझी."

मला वाटलं, बाई बोलतील. त्यांनी पोहे संपवले, ताटली धुतली. "नोकरी जायला नको," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर."

"तुम्ही तिथे भांडाल."

"मी कधी कुणाशी भांडले?"

दुसऱ्या दिवशी त्या तुळशीबागेतून हिरव्या काचेच्या बांगड्यांचे खोकेच्या खोके घेऊन आल्या. दुकानदाराने विचारलं म्हणे, लग्न की डोहाळजेवण? बाईंनी सांगितलं, सर्वेक्षण.

कार्यक्रमाच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी बसगाड्या लागल्या. सगळ्यांना एकसारखे हिरवे टी-शर्ट. बाईंनीही तो साडीवरून घातला. वर ड्रोन घोंघावत होता. ठेकेदाराच्या माणसांनी पायथ्याकडची एक रांग आदल्या दिवशीच लावून टाकली होती आणि वरच्या उतारावर खड्डे खणणं सुरू होतं. मी रोहनला सांगितलं, "या माझ्या घरमालकीण. बॉटनीच्या प्रोफेसर होत्या."

"ओ, ग्रेट. मॅम, तुम्ही एक छोटासा इंट्रो द्या ना. पाच मिनिटं. काहीतरी इन्स्पायरिंग." आणि त्याने बाईंच्या हातात माइक दिला.

पुण्यातल्या निवृत्त प्राध्यापकांच्या हातात माइक देऊ नये हे रोहनला माहीत नव्हतं. तो नुकताच बंगळुरूहून बदलून आला होता.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "आपण इथे झाडं लावायला आला आहात. त्याआधी इथे कोण राहतंय ते बघून घेऊ, म्हणजे उगाच कुणाच्या डोक्यावर लावायला नको. प्रत्येकाने एक बांगडी घ्या. डोळे मिटून टाका. पडेल तिथे आपण स्वतः पालथे पडा आणि बांगडीच्या आत किती वेगवेगळी रोपं आहेत ते बघा. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त, त्यांना कंपनीतर्फे बक्षीस."

"बक्षीस काय?" मागून कुणीतरी विचारलं.

बाईंनी माइक रोहनपुढे धरला. शंभरावर माणसं त्याच्याकडे बघत होती. "अं, एक आठवडा वर्क फ्रॉम होम," रोहन म्हणाला.

त्यानंतर टेकडीवर जे झालं ते मी कंपनीत कधी पाहिलं नव्हतं. माणसं धावत सुटली. बांगड्या उडाल्या. आणि बघता बघता अख्खी कंपनी गवतात पालथी पडली. मला वाटलं होतं पाच मिनिटांत कंटाळतील. पण टेस्टिंगवाल्यांनी भांडण सुरू केलं. "ही दोन वेगळी आहेत." डेव्हलपर म्हणाले, "सेम आहेत." "सेम कशी, हिच्या पानाला केस आहेत." "ते काही मॅटर करत नाही." "आमच्या कामातही तुम्ही हेच म्हणता." मग बाईंना हाका सुरू झाल्या. बाई बुटांनी फटफट करत एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे. "या नभाळी. या मुसळी. हे गवत वेगळं आहे, बरोबर बघितलंत, आपलं आडनाव काय? या दवबिंदू, यांना हात लावू नका, त्या जेवताहेत." चिकट पानावर अडकलेलं चिलट बघायला माणसांची रांग लागली.

खालच्या वस्तीतले आबा गुरं घेऊन आले होते. काठीवर हनुवटी टेकून ते हा सगळा प्रकार बघत होते. मी शेजारी गेले तर म्हणाले, "ही बाई दरसाल येती, पालथी पडती. पयल्या येळी आम्हाला वाटलं, गेली. चौघं उचलाया धावलो, तर म्हनली, सावली पडतीय, बाजूला व्हा. आता हे समदं काय हाय?"

"ऑफिसचे लोक आहेत, आबा."

"असूंद्या. निदान खड्डं तरी थांबल्यात. गुरांनी काय खायाचं, कुणी इचारलं हाय का आमाला?"

इतक्यात रोहनची हाक आली. त्याची बांगडी एका ताज्या खड्ड्याच्या कडेला पडली होती आणि नव्या टी-शर्टसकट तो तिथे आडवा होता. "मॅम, इकडे काहीतरी विअर्ड आहे."

बाई गेल्या, बसल्या, पालथ्या झाल्या. गवताच्या दोन काड्यांमध्ये बोटभर उंचीचं, फिकट हिरवं-जांभळं एक फूल उभं होतं. थेट कंदिलासारखं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर जाळीचं झाकण. बाजूची माती कुदळीने कापलेली, आणि त्या मातीच्या ढिगात दोन तुकडे झालेला एक कंद पांढरा दिसत होता. दुसऱ्या रोपाचा. बाईंनी ते तुकडे उचलले आणि रोहनच्या तळहातावर ठेवले. माइक खाली पडला होता.

"हे परत लावलं तर येईल ना?" रोहनने विचारलं.

"बघू. सांगता येत नाही."

तो तळहात तसाच धरून बसला. मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं." त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

"मलाही एके काळी नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आडवी पडायला लागले."

रोहन उठला आणि त्याने ठेकेदाराला थांबवलं. ठेकेदार चिडला, फोन झाले, आवाज चढले. पण शंभर माणसं आपापल्या बांगडीभोवती ठाण मांडून बसली होती आणि कुणी आपली जागा खणू देईना. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून वरचे खड्डे त्याच मातीने बुजवले. रोपांचा ट्रक आमच्याबरोबर माघारी निघाला. काही रोपं आबांच्या बांधावर गेली, काही शाळेच्या पटांगणात, आणि बरीचशी हडपसरला आमच्याच ऑफिसच्या पार्किंगभोवती, जिथे खरोखरच सावलीचा पत्ता नव्हता. आता तिथे दुपारी गाड्या लावायला मारामारी होते.

सगळं गोड झालं असं नाही. पायथ्याची लावून झालेली रांग तशीच राहिली, कारण ती जमीन दुसऱ्या कुणाच्या नावावर होती. ती झाडं फोफावली आणि त्यांच्याखाली दोन पावसाळ्यांत काही उगवेनासं झालं. माझं प्रमोशनही त्या वर्षी हुकलं. ड्रोनने काढलेली फिल्म मुख्य कार्यालयात गेली. तीत एकही झाड नव्हतं, नुसती टेकडीवर पालथी पडलेली शंभर माणसं. तिकडून घाबरून फोन आला की काही दुर्घटना झाली आहे का.

बक्षीस टेस्टिंगवाल्यांना मिळालं. त्यांनी तो आठवडा घरून काम केलं नाही, टेकडीवरून केलं.

पुढे माझं आणि निखिलचं लग्न झालं आणि आम्ही धायरीला राहायला गेलो. त्या सुमारास बाईंचे गुडघे गेले. जिना उतरणं जमेना, टेकडी लांबच. आणि नेमकं तेव्हाच त्यांना एक वेगळीच काळजी लागली होती. आम्ही दर पावसाळ्यात वर जाऊन फोटो काढून आणायचो, फुलं असायची, पण शेंगा नसायच्या. बाई फोटो मोठे करून करून बघायच्या. त्यांनी आम्हाला सांगितलं की त्या कंदिलात टाचणीच्या डोक्याएवढी माशी शिरावी लागते. आत केस असतात, ते तिला अडकवून ठेवतात, दुसऱ्या दिवशी केस सुकले की ती परागकण घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात शिरते. तरच बी. "पाऊस लवकर येतो, फुलं घाईने उमलतात. माशा आपल्या वेळेने येतात, तोवर इथे मांडव उठलेला असतो. मला एकदा वर न्या."

मग आम्ही नेलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. पुढे रोहन आणि निखिल, मागे टेस्टिंगमधल्या दोघी, आणि मी छत्री धरून. आबा खालून ओरडले, "वरात कुठं चालली?" बाईंनी खुर्चीतूनच त्यांना नमस्कार केला.

वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आता पालथी ठेवा." आम्ही चादर अंथरली आणि त्यांना अलगद आडवं केलं. बाई फुलासमोर हनुवटी टेकून पडून राहिल्या. आम्ही मागे उभे. बराच वेळ गेला. त्या हलेनात. बोलेनात. खांदासुद्धा हलताना दिसेना. रोहन माझ्या कानाशी पुटपुटला, "ठीक आहेत ना?" मी वाकले.

"बाई?"

"गेली," बाई म्हणाल्या.

"कोण गेली?"

"माशी. आत गेली. आता कुणी श्वास घेऊ नका."

आम्ही खरंच घेतला नाही. मग टेस्टिंगमधली एक जण फुटली आणि आम्ही सगळेच गवतात बसून इतके हसलो की पोटात कळा आल्या. बाई मात्र उठायला तयार नव्हत्या. उद्या ती बाहेर येईपर्यंत मी इथेच, म्हणाल्या. निखिल उजाडताच येऊन बसेल, या बोलीवर त्या कशाबशा खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी निखिलचा फोन आला. मी रात्री बाईंकडेच राहिले होते. माशी सुटली, म्हणाला, आणि उडून शेजारच्या फुलात शिरली. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं होतं ते तिथेच विरघळून गेलं.

पाऊस ओसरता ओसरता फोटोत शेंगा दिसल्या. कंदीलपुष्पाच्या शेंगा जोडीने येतात, दोन बारीक शिंगांसारख्या, एकाच देठावर. बाईंनी मला पेढे आणायला लावले आणि काठी टेकत, माझा हात धरून, मजल्यावरच्या प्रत्येक दारात स्वतः गेल्या. मी लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, शेजारी हिरवी साडी नेसून उभी.

"अरे वा, पेढे कसले?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"जुळं झालं," बाई म्हणाल्या.

काकूंनी माझ्या पोटाकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा पोटाकडे बघितलं. बाईंनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि खुलासा न करता पुढच्या दाराची बेल वाजवली.